उमा पेसोआ

लिस्बनमधल्या पहिल्या रात्री मी एका लहानशा खाणावळीच्या दारात घुटमळत उभी होते. आतल्या वयस्कर वाढप्याने माझ्याकडे पाहिले, एक बोट वर केले आणि विचारले, "उमा पेसोआ?" माझे नाव उमा नाही. क्षणभर वाटले, कुणा उमाच्या नावाने इथे टेबल राखून ठेवलेले असावे आणि माझा रंग पाहून ती उमा मीच असा या गृहस्थाचा समज झाला असावा. पेसोआ हे आडनाव मात्र ओळखीचे होते. फेर्नांदो पेसोआ हा या शहराचा लाडका कवी. एकटा राहणारा, आणि निरनिराळ्या नावांनी, निरनिराळ्या स्वभावांनी लिहिणारा. त्याची ही कोण लागते, असा प्रश्न मला पडेपर्यंत वाढप्याचे बोट पुन्हा वर झाले आणि डोक्यात उजेड पडला. 'एकच माणूस का?' एवढेच तो विचारत होता. पेसोआ म्हणजे व्यक्ती. आपल्यासारखीच त्यांच्याकडेही व्यक्ती स्त्रीलिंगी, म्हणून 'एक'चे रूप 'उमा'. मी मान डोलावली. पुढचे पाच दिवस मी त्या शहरात उमा पेसोआ म्हणूनच वावरले.

एकट्या गिऱ्हाइकाला जगभर जे टेबल मिळते तेच मिळाले. स्वयंपाकघराच्या सतत उघडमीट होणाऱ्या दाराला लागून. बसते न बसते तोच पावाची टोपली, ऑलिव्हची वाटी आणि चीजचा तुकडा समोर आला. काय हे अगत्य, असे म्हणत मी सगळे संपवले. बिल आले तेव्हा ते अगत्य किंमतीसह ओळीने मांडलेले होते. ही तिथली रीतच आहे. नको असेल तर हात न लावता परत पाठवायचे असते, हे दुसऱ्या दिवशी कळले. पण त्या रात्री मला राग आला नाही, आणि त्याचे कारण पाव. टोपली ठेवताना वाढपी जो शब्द बोलला तो अर्धा नाकातून आला होता, तरी तो पावच होता. दाराबाहेरच्या फळ्यावर खडूने 'प्रातु दु दिआ', म्हणजे आजची थाळी, असे लिहिले होते, आणि तो 'प्रातु' म्हणजे आपली परात. सूपमध्ये चिरून घातलेला हिरवा पाला 'कोव्ह', म्हणजे आपल्या कोबीचा थोरला भाऊ. बटाटा तर बटाटाच. मराठीतल्या पोर्तुगीज शब्दांची यादी आपण सगळ्यांनीच शाळेत पाठ केलेली असते. पण ती यादी वेगळी, आणि दिवसभर कुणाशी चार वाक्ये बोलणे झालेले नसताना परक्या गावात ते शब्द अचानक कानावर पडणे वेगळे. आपल्या फडताळातली भांडी दुसऱ्याच्या घरात दिसावीत तसे झाले. आता यात कुणाची भांडी कुणाकडे गेली, हे ठरवणे अवघड.

मी गेले ते २०१९ च्या ऑक्टोबरात. त्याआधीचे माझे परदेश पाहणे म्हणजे मार्गदर्शकाच्या हातातल्या छत्रीमागून चाळीस जणांनी चालणे आणि बसमध्ये डब्यातल्या दशम्या फिरवणे. त्या प्रकाराला मी नावे ठेवणार नाही; त्यात सोबत असते आणि वेळेवर चहा मिळतो. पण लिस्बनला यायला कुणी तयार नव्हते. 'पॅरिस सोडून तिथे काय आहे?' असे विचारणाऱ्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर होते, पण ते सांगायचे तर घरातली एक जुनी गोष्ट काढावी लागली असती. एकटीने जाण्यात ती सोय होती.

ती गोष्ट अशी. बाबा १९५५ साली एकवीस वर्षांचे होते. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला देशभरातून हजारो निःशस्त्र माणसे गोव्याच्या सीमांमधून आत शिरली, त्यांतल्या सांगलीहून निघालेल्या एका तुकडीत ते होते. बांद्याकडून पत्रादेवीच्या बाजूने ते गेले. त्या दिवशी ठिकठिकाणी झालेल्या गोळीबारात वीसहून अधिक सत्याग्रही मारले गेले. बाबांच्या वाट्याला गोळी आली नाही. त्यांना पकडले, नाव विचारले, बापाचे नाव विचारले, एका जाड वहीत लिहून घेतले, रात्रभर बडवले आणि दुसऱ्या दिवशी हद्दीबाहेर आणून सोडून दिले. डाव्या मनगटाचे हाड वाकडे सांधले ते कायमचे. याहून जास्त ते कधी सांगत नसत. पुढे कुणाच्या तरी आग्रहावरून त्यांनी स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनासाठी अर्ज केला, तेव्हा तुरुंगवासाचा पुरावा मागण्यात आला. एका रात्रीच्या माराला प्रमाणपत्र कोण देणार? अर्ज परत आला त्या दिवशी बाबा हसून म्हणाले होते, "त्यांच्या वहीत असेल की माझं नाव. जा म्हणावं लिस्बनला आणि बघून या." घरात पुढे ती म्हणच झाली. काही हरवले, सापडेनासे झाले, की आई म्हणायची, लिस्बनच्या वहीत असेल.

बाबा २०११ साली गेले. मग २०१९ च्या जूनमध्ये मोहन रानडे गेल्याची बातमी आली. रानडे मूळचे सांगलीचे, मनोहर आपटे. गोव्यात मराठी शिक्षक म्हणून गेले आणि आझाद गोमंतक दलात सामील झाले. १९५५ साली बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. सव्वीस वर्षांची शिक्षा झाली. पुढे त्यांना पोर्तुगालला हलवून लिस्बनजवळच्या काशियशच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. रानडे मात्र सुटले १९६९ च्या जानेवारीत. ज्यासाठी तुरुंगात गेलो ते मिळून सात वर्षे उलटली तरी दार उघडत नाही, या स्थितीची कल्पना करून पाहावी. त्यांचे 'सतीचे वाण' बाबांच्या कपाटात होते. बाबांची त्यांच्याशी ओळख नव्हती, पण 'आमच्या गावचा' असे ते म्हणत, आणि ते म्हणताना त्यांचा उजवा हात आपसूक डाव्या मनगटावर जाई. बातमी वाचल्यावर मी ते पुस्तक बाहेर काढले आणि दोन महिन्यांनी तिकीट काढले.

हे एवढे मनाशी बाळगून गेलेल्या माणसाला शहर आवडू नये, अशी माझी अपेक्षा होती. पण लिस्बन आवडते. त्याला इलाज नाही. टेकड्यांवर वसलेले शहर, पायाखाली काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटा बसवलेले पदपथ (पावसाचे चार थेंब पडले की हे पदपथ शेवाळलेल्या घाटासारखे निसरडे होतात, हे मी बसकण मारून शिकले), घरांच्या भिंतींना निळ्या चिनीमातीच्या फरशा, आणि कुठल्याही उतारावरून खाली पाहिले की गल्लीच्या टोकाशी तेजो नदी. नदी म्हणायची, पण तिच्यात समुद्र शिरलेला असतो. अल्फामा नावाच्या जुन्या वस्तीत मी उतरले होते. तिथल्या पायऱ्या मोजण्याचा नाद मी दुसऱ्या दिवशी सोडून दिला. सकाळी समोरच्या खिडकीतल्या आजीबाई धुणे वाळत घालायच्या आणि माझ्याकडे बघून काहीतरी बोलायच्या. मीही मराठीत काहीतरी बोलायची. आमचे बरे चालले होते.

एकटीने फिरण्याची एक गंमत मला आधी कुणी सांगितली नव्हती. एकटी बाई दिसली की लोक निर्धास्तपणे तिच्या हाती फोन देतात. पाच दिवसांत मी निदान तीस कुटुंबांची छायाचित्रे काढली असतील. माझे एकही नाही. आणि दुसरी गोष्ट, काही चांगले दिसले की शेजारी बघून 'अगं, हे बघ' असे म्हणायची सवय जात नाही. तोंडातून शब्द निघायच्या बेतात असतो आणि शेजारी कुणी नसते. मग मी ते बाबांना सांगू लागले. हे काही हळवेपण नव्हे. कुणाला तरी सांगितल्याशिवाय पाहिलेले पुरे होत नाही, एवढेच. त्यात बाबा श्रोते म्हणून कठीण. कौतुक ऐकून घेण्याची त्यांची तयारी नसे.

बेलेममध्ये त्यांची माझी चांगलीच जुंपली. नदीकाठी तिथे दगडाचे एक प्रचंड गलबत उभे आहे, ५२ मीटर उंच. त्याच्या नाळेवर राजपुत्र हेन्री आणि त्याच्यामागे दोन्ही अंगांनी चढत जाणारे दर्यावर्दी, पाद्री, नकाशे काढणारे. त्यांत वास्को द गामा आहे, फ्रान्सिस झेवियरही आहे. सालाझारच्या राजवटीत १९४० सालच्या प्रदर्शनासाठी ते आधी कच्च्या सामानात उभारले होते. १९६० साली हेन्रीच्या पाचशेव्या पुण्यतिथीला पक्के बांधले. समोरच्या अंगणात संगमरवरात जगाचा नकाशा आहे, आणि जिथे जिथे पोर्तुगीज गलबते लागली तिथे वर्षे कोरलेली आहेत. मी हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर जाऊन उभी राहिले. माझ्या एका बुटाखाली मुंबईपासून गोव्यापर्यंतचा सगळा किनारा झाकला गेला. शेजारी एक मूल आफ्रिकेतून ब्राझीलमध्ये उड्या मारत होते आणि त्याची आई त्याला अटलांटिकमध्ये पडलास म्हणून चिडवत होती. 'बघा बाबा, १४९८,' मी म्हटले. 'त्यात काय बघायचं, आम्ही काय हरवलो होतो का, सापडायला?' हे त्यांचे उत्तर मला ऐकू आले, कारण ते त्यांचे ठरलेले उत्तर होते. पण त्यानंतर मी रस्ता ओलांडून जेरोनिमोच्या मठात गेले आणि तिथे माझी अडचण झाली. आफ्रिकेच्या आणि पूर्वेच्या व्यापारावरच्या करातून ही वास्तू सोळाव्या शतकात उभी राहिली. मिरीच्या दाण्यादाण्यातून दगड आला म्हणायचा. ते सगळे ठाऊक असताना त्या मठाच्या ओवरीत दुपारच्या तिरप्या उन्हात कोरीव खांबांच्या सावल्या पडलेल्या पाहिल्या आणि मी तासभर नुसती बसून राहिले. बाबा काही बोलले नाहीत. बोलले असते तरी मी ऐकले नसते.

चर्चमध्ये शिरल्याबरोबर एका हाताला वास्को द गामाची समाधी आहे, दुसऱ्या हाताला कवी कामोंइशची. गामा मेला आपल्या कोचीनला, १५२४ साली. हाडे मागाहून इकडे आणली. पुढे वेदीजवळ राजांच्या शवपेट्या आहेत आणि त्या चक्क संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवलेल्या आहेत. हत्ती लहानखुरे आहेत, ओझ्याखाली किंचित दबल्यासारखे. तिथे माझ्या तोंडून 'अगं बाई' असे मोठ्याने निघून गेले आणि पुढच्या बाकावरच्या बाईंनी मागे वळून पाहिले.

शहरातल्या ज्या जागी सगळे पर्यटक जातात तिथे मीही गेले. त्यांतले बरेचसे सांगण्यासारखे नाही. किल्ल्यावरून सूर्यास्त पाहिला. कस्टर्डची ती प्रसिद्ध पेस्ट्री खाल्ली, दोन वेळा. पिवळ्या ट्रामचे सांगायला हवे. २८ क्रमांकाची ही जुनी ट्राम मार्तिम मोनिझपासून निघून अरुंद गल्ल्यांतून, घरांच्या भिंतींना जवळजवळ खेटून, चढउतार करत शहराच्या दुसऱ्या टोकाला जाते. शेवटचा थांबा प्राझेरेश, म्हणजे आनंद, आणि तिथे काय आहे तर दफनभूमी. पेसोआला १९३५ साली तिथेच पुरले होते. पन्नास वर्षांनी जेरोनिमोत हलवले. मला ही कल्पना फार आवडली आणि मी शेवटपर्यंत जायचे ठरवले. ट्राममध्ये आपल्या सकाळच्या लोकलसारखी गर्दी. मुंबईच्या गाड्यांत आयुष्य काढलेल्या बाईला गर्दीचे भय कसले, या तोऱ्यात मी दांडीला लटकून उभी होते. आनंदाच्या थांब्यावर उतरले तेव्हा पिशवीची चेन उघडी होती आणि पाकीट गेलेले. साठ युरो आणि बँकेचे एक कार्ड. पासपोर्ट कमरेच्या कापडी बटव्यात सुरक्षित होता. तो आईने शिवलेला बटवा. दफनभूमीच्या फाटकाशी मी काही वेळ उभी राहिले. एकटे असण्याचा तोटा अशा वेळी कळतो. रागावायलासुद्धा कुणी नसते.

कार्ड बंद केले. पण विम्याच्या पैशांसाठी पोलिसात तक्रार नोंदवलेला कागद हवा होता. म्हणून संध्याकाळी मी पोलीस चौकीत गेले. टेबलामागे पंचविशीतला एक मुलगा होता, गणवेश त्याला थोडा सैल होता. इंग्रजी जेमतेम, पण नम्र. त्याने आधी पाण्याचा पेला पुढे केला. मग संगणकावर एकेक रकाना भरायला सुरुवात केली. नाव, जन्मतारीख, मुक्कामाचा पत्ता. मग तो थांबला आणि म्हणाला, "फादर. नेम ऑफ फादर." त्यांच्या सरकारी कागदांवर आईबापांची नावे लागतात, एवढेच त्यामागे होते. मला मात्र तोंडातून शब्द फुटेना. त्याला वाटले मला प्रश्न कळला नाही. त्याने परत विचारले. मी बाबांचे नाव सांगितले. ते त्याला लिहिता येईना. मग मी एकेक अक्षर सांगत गेले आणि तो एकेक कळ दाबत गेला. एकदा चुकले, त्याने पुसले, पुन्हा विचारले. एवढी काळजी घेण्यासारखे ते नाव नव्हते. आमच्या गावात त्या नावाची दहा माणसे निघतील. "गोवा?" त्याने मध्येच हसून विचारले. लिस्बनमध्ये हिंदी माणूस म्हटला की गोवा, दमण नाही तर दीव. मी म्हटले, नाही, पण जवळच. त्याने दोन पाने छापून काढली, शिक्का मारला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. सगळा मजकूर पोर्तुगीजमध्ये. त्यातली मला वाचता आलेली नावे तीनच होती, माझे, आईचे आणि बाबांचे. विम्याचे पैसे पुढे मिळाले नाहीत. काही अट होती. कागद माझ्याकडे आहे.

चौथ्या दिवशी अल्जूब पाहिले. शहरातल्या मुख्य कॅथीड्रलच्या शेजारी, माझ्या राहत्या जागेपासून दहा मिनिटांवर ही इमारत. अल्जूब हा मूळ अरबी शब्द. अर्थ विहीर, खड्डा. आधी चर्चचा तुरुंग, आणि सालाझारच्या काळात राजकीय कैद्यांचा. १९६५ मध्ये तो बंद झाला. २०१५ च्या २५ एप्रिलला तिथे प्रतिकाराचे आणि स्वातंत्र्याचे संग्रहालय उघडले. पलीकडून दर पाच मिनिटांनी ती पिवळी ट्राम पर्यटकांना घेऊन खडखडत जाते. आत त्या दुपारी आम्ही मोजून सहा जण होतो. एकांतवासाच्या कोठड्या पुन्हा उभारून ठेवल्या आहेत. जेमतेम एक माणूस आडवा होईल एवढी जागा. मी आत जाऊन उभी राहिले. दार अर्थात उघडेच होते.

तिथे छळाच्या प्रकारांची माहिती आहे. त्यातला एक प्रकार 'पुतळा'. कैद्याला उभे करून ठेवायचे. बसू द्यायचे नाही, झोपू द्यायचे नाही, तासच्या तास, दिवसच्या दिवस. ज्या राजवटीने बेलेमला दगडाचे पुतळे उभे केले तिनेच हाडामांसाचेही केले. भिंतीवर त्या माणसांची छायाचित्रे आहेत, पोलिसांनी समोरून आणि बाजूने काढलेली. गोदी कामगार, शिक्षिका, विद्यार्थी, टंकलेखक. सगळे पोर्तुगीज. त्यांतले काही चेहरे वीस-एकवीस वर्षांचे. मी लहानपणापासून 'पोर्तुगीज' हा शब्द एकवचनासारखा ऐकत आले होते. पोर्तुगीजांनी मारले, पोर्तुगीज गेले. बाबांना रात्रभर बडवणाऱ्या शिपायांचे मालक इथे आपल्याच पोरांनाही त्याच रीतीने बडवत होते, हे मला पुस्तकातून ठाऊक होते, पण ते कधी लागले नव्हते. मला वाटते बाबांना ते ठाऊक असावे. ते गोव्याबद्दल रागाने बोलत, पोर्तुगीज माणसांबद्दल कधी नाही. तेव्हा मला तो त्यांचा भिडस्तपणा वाटे.

तुरुंग हा शब्दही आपल्याकडे त्यांच्याकडूनच आला. मूळ शब्द 'त्रोंकु', म्हणजे झाडाचे खोड. खोडाला भोके पाडून त्यांत कैद्याचे पाय अडकवायचे. त्यावरून ती कोठडीही त्रोंकु. पाव आणि परात घेताना आपण हेही उचलले. काडतूसही.

तिथून कार्मोच्या चौकात गेले. १७५५ सालच्या १ नोव्हेंबरच्या भूकंपात तिथल्या चर्चचे छप्पर कोसळले, ते तसेच ठेवले आहे. नुसत्या कमानी आभाळाखाली उभ्या. याच चौकातल्या छावणीत १९७४ च्या २५ एप्रिलला सालाझारचा वारस कायतानु लपून बसला होता आणि संध्याकाळी शरण आला. एका उपाहारगृहात काम करणाऱ्या बाईने सैनिकांना कार्नेशनची फुले वाटली, त्यावरून क्रांतीला नाव पडले. गोव्यावरचा भारताचा हक्क पोर्तुगालने मान्य केला तो त्याच वर्षाच्या शेवटी. छायेत बसून कॉफी घेतली. दोन म्हातारे शेजारी बुद्धिबळ खेळत होते. मी बाबांना काही सांगितले नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी काइश दु सुद्रे स्थानकावरून काशियशची गाडी धरली. ही पश्चिमेकडे नदीकाठाने जाणारी लोकल. डाव्या हाताला पाणी, वर तो लाल लोखंडी पूल, ज्याला १९६६ साली सालाझारचे नाव दिले होते आणि आता २५ एप्रिलचे आहे. गाडी बेलेमला थांबते. बेलेमनंतर तिसरे स्थानक काशियश. मला हे अंतर आधी नकाशावर कळले नव्हते. दगडी गलबत पक्के उभे राहिले त्या १९६० साली रानडे पाच वर्षे तुरुंगात होते, आणि पुढे त्यांना जिथे ठेवले ती जागा त्या गलबतापासून तीन स्थानकांवर आहे. बेलेमला अर्धा डबा रिकामा झाला. पुढे माझ्या डब्यात उरली ती पोहायला निघालेली मुले आणि मी.

काशियश हे निवांत गाव आहे. लहानशी पुळण, समोर नदी समुद्राला मिळते ते रुंद मुख. किल्ला वर, टेकडीच्या अंगाला. कुठल्याही पर्यटन नकाशात त्याची खूण नव्हती. मी दोघातिघांना 'फोर्त, फोर्त' करत विचारत गेले. एका बाईने हात उडवून 'कशाला?' अशा अर्थाचे काहीतरी म्हटले आणि रस्ता दाखवला. चढ बराच होता. दोनदा चुकले. एकदा कुणाच्या तरी परसात शिरले आणि कुत्रे अंगावर आले. वर पोहोचले तेव्हा दिसली ती उंच भिंत, तारा, फाटक आणि फाटकाशी खोली. तेव्हाही तिथे तुरुंगच होता, चालता. १९७४ च्या क्रांतीनंतर एक-दोन दिवसांत राजकीय कैद्यांना इथून सोडले, तेव्हाची छायाचित्रे मी अल्जूबमध्ये पाहिली होती. फाटकाशी लोटलेली गर्दी, मिठ्या, रडणारी माणसे. आता फाटकाशी मी एकटी, घामाघूम, हातात पाण्याची बाटली.

खोलीतून एक पहारेकरी बाहेर आला. पन्नाशीचा असावा. छायाचित्र काढायचे नाही, असे त्याने खुणेने आधीच सांगितले. मी फोन पिशवीत टाकला. त्याने काहीतरी विचारले, त्यातला 'व्हिझीता' एवढा शब्द कळला. मी कुणाला तरी भेटायला आले आहे, असे त्याला वाटले होते. रास्तच होते, एकटी बाई, परक्या देशातली, सकाळी चढ चढून तुरुंगाच्या दाराशी आली तर दुसरे कशाला येणार? मी नाही म्हणायला हवे होते. पण त्याने पुढचा प्रश्न विचारला, नाव काय, आणि पाच दिवसांत कुणाशी धड न बोललेल्या माझ्या तोंडून निघून गेले, "रानडे. मोहन रानडे."

तो आत गेला. काचेआड त्याने चष्मा लावला, यादी काढली आणि वरून खाली बोट फिरवू लागला. पान उलटले, पुन्हा बोट फिरवले. मला त्याला थांबवता आले असते. मी थांबवले नाही. बाहेर येऊन त्याने मान हलवली. नाही. मग माझ्याकडे जरा बघून त्याने विचारले, "फामीलिआ?"

मी हो म्हटले.

त्याने हाताने 'गेले असतील, हलवले असतील' अशी काहीशी खूण केली आणि खांदे उडवले. त्यात तुसडेपणा नव्हता. मी आभार मानले आणि उतरायला लागले. उतरताना मघाचे कुत्रे पुन्हा भुंकले, पण या वेळी अंगावर आले नाही. खाली स्थानकाजवळच्या दुकानातून एक पाव आणि चीज घेतले. परतीच्या गाडीला वीस मिनिटे होती. फलाटावरच्या बाकावर बसून मी तो पाव खाल्ला. पुळणीवर मुले पाण्यात उड्या मारत होती, आणि एक मोठे मालवाहू जहाज अगदी सावकाश समुद्राकडे निघाले होते.